ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग वीज वाचवायची कशासाठी?

एका पालकांचा प्रश्न असा आहे: "मुलगी आठवीत आहे. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, तिचे केवळ रूपांतर होते, असे तिने पुस्तकात वाचले. त्यावर तिने विचारले की, तसे असेल तर 'वीजनिर्मिती केंद्र' हे नाव चुकीचे नाही का? आणि ऊर्जा संपतच नसेल, तर खोलीतला पंखा चालू राहिला म्हणून आई का रागावते? मला दोन्हींचे समाधानकारक उत्तर देता आले नाही."

माझी एकतीस वर्षे जलविद्युत केंद्रांत गेली. नव्याने रुजू होणारी मुलेही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच विचारत असत, आणि त्यांना उत्तर देता देता मलाच ते हळूहळू नीट समजत गेले. आपल्या मुलीचे दोन प्रश्न खरे तर एकच आहेत, आणि त्यांचे उत्तर ऊर्जेच्या प्रकारांच्या यादीत सापडत नाही. यांत्रिक, उष्णता, प्रकाश, ध्वनी, विद्युत, रासायनिक, आण्विक अशी यादी पाठ करताना मुलांची समजूत होते की ही सात वेगवेगळी द्रव्ये आहेत. वस्तुतः यांतले बहुतेक प्रकार दोनच गोष्टींत बसवता येतात: काहीतरी हलत असते म्हणून असलेली ऊर्जा, आणि काहीतरी विशिष्ट जागी अडवून धरलेले असते म्हणून असलेली ऊर्जा. पहिली गतिज, दुसरी स्थितिज. तापलेल्या तव्यातील उष्णता म्हणजे त्याच्या कणांची वाढलेली थरथर आणि त्या थरथरीत ताणले जाणारे त्यांचे परस्परबंध. कोळशातील रासायनिक ऊर्जा म्हणजे अणूंमधील विद्युतभारांच्या मांडणीत अडवलेली ऊर्जा. प्रकाश तेवढा या मांडणीत सहज बसत नाही, पण आजच्या उत्तरासाठी त्याची अडचण नाही.

त्यामुळे यादी बाजूला ठेवून मी एका युनिटचा माग काढतो, म्हणजे आपल्या वीजबिलावरच्या एका युनिटचा. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते, आणि ज्यूलमध्ये मोजल्यास ते ३६ लाख ज्यूल भरते. शंभर ग्रॅमचा एक टोमॅटो जमिनीवरून उचलून मीटरभर उंचीच्या फळीवर ठेवण्यासाठी साधारण एक ज्यूल लागतो. असे ३६ लाख टोमॅटो एकेक करून फळीवर ठेवायचे, तेव्हा कुठे एक युनिट होणार. आठ-दहा रुपयांत आपण किती कष्ट विकत घेतो, याची कल्पना मला स्वतःला या हिशेबानेच पहिल्यांदा आली.

आता हे युनिट कोयनेचे आहे असे समजू. आपल्या घरातली वीज एकाच केंद्रातून येत नाही, राज्याच्या जाळ्यात सगळ्या केंद्रांची वीज एकत्र वाहते. पण कोयनेचा हिशेब डोळ्यांसमोर उभा करता येतो म्हणून तो घेतो. साताऱ्याच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर शिवसागर जलाशय आहे आणि पश्चिमेला डोंगराच्या पोटात पोफळीचे भूमिगत विद्युतगृह. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. आज सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. जलाशयातील पाणी बोगद्यातून डोंगराच्या पश्चिम कडेला येते आणि तिथून पोलादी दाबनलिकांतून सुमारे ४७५ मीटर खाली उतरते. एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो, इतके खाली आले की साधारण ४६५० ज्यूल मोकळे होतात. एका युनिटच्या ३६ लाख ज्यूलना या आकड्याने भागले की ७७४ लिटर येतात. मात्र वाटेत थोडी ऊर्जा इतरत्र जाते. बोगदा, टर्बाइन आणि जनित्र मिळून शंभरातील सुमारे ८८ भाग विजेत उतरतात, म्हणून केंद्राच्या दारात एका युनिटला ८८० लिटर पाणी लागते. पुढे तारा, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आणि गल्लीतील वितरण यांत दहा-पंधरा टक्के गेले की आपल्या मीटरपाशी हा आकडा हजार लिटरच्या आसपास पोहोचतो. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढे आणा. ती भरून पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून पायथ्याशी आले, की आपल्या घरात एक युनिट पोहोचते. (कोळकेवाडीला हेच पाणी पुन्हा अडवून आणखी शंभरएक मीटर खाली सोडतात आणि त्यातूनही वीज घेतात, ती मी या हिशेबात धरलेली नाही.)

या उतरणीत ऊर्जा रूप कसे बदलते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. वर जलाशयात पाणी स्वस्थ असते, त्याच्याकडे असते ती उंचीची ऊर्जा. दाबनलिकेत ते खाली येते तेव्हा फार वेगाने धावत नाही, कारण खाली तोंड अरुंद असते. उंचीची ऊर्जा दाबाच्या रूपात साठत जाते. नलिकेच्या टोकाशी असलेल्या नोझलमधून पाणी बाहेर पडते त्या क्षणी दाबाचे गतीत रूपांतर होते आणि सेकंदाला सुमारे ९५ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्याचा झोत सुटतो. हा झोत पाण्यासारखा दिसतच नाही. तो काचेच्या दांड्यासारखा घट्ट दिसतो. पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन पद्धतीची टर्बाइने आहेत: चाकाच्या कडेला जोडवाट्यांसारखे पेले असतात, झोत वाट्यांच्या मधल्या धारेवर आपटून दोन्हीकडे दुभंगतो आणि जवळजवळ उलट दिशेला वळून बाहेर पडतो. चाकाच्या कडेचा वेग झोताच्या साधारण निम्मा ठेवतात. त्यामुळे पेल्यातून निसटणाऱ्या पाण्यात जवळजवळ वेग उरत नाही, ते खाली नुसते पडते. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत, "खाली पडणारं पाणी जितकं मेलेलं, तितकं यंत्र जिवंत." टर्बाइनची कार्यक्षमता याहून थोडक्यात सांगता येईल असे मला वाटत नाही. पाण्यात जी गती उरली ती आपल्याला मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऊर्जा कोठे ना कोठे जावीच लागते, हे मला वर्गात नाही, केंद्रातच पटले. एकदा रात्रपाळीत पारेषण वाहिनी अचानक ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. बाहेर वीज घेणारे कोणीच उरले नाही, आणि इकडे झोत मात्र तितक्याच जोराने चाकावर आदळत होता. अशा वेळी ती सगळी ऊर्जा चाकाचा वेग वाढवण्यात जाते आणि काही सेकंदांत यंत्र धोक्याच्या वेगापर्यंत पोहोचू शकते. नोझल झटकन बंद करावे, असे कोणालाही वाटेल. पण नलिकेत शेकडो मीटर लांबीचा पाण्याचा स्तंभ गतीत असतो. त्याला एकदम अडवले तर त्याची गतिज ऊर्जा दाबात बदलते आणि तो दाब पोलादी नळीलाही फाडू शकतो. म्हणून नोझलसमोर एक पोलादी पट्टी असते, डिफ्लेक्टर. ती क्षणात आडवी येते, झोत चाकावरून बाजूला वळवते आणि मग नोझल सावकाश बंद होत जाते. ती पट्टी आडवी आल्यानंतरचे अर्धे मिनिट मी आजही विसरलेलो नाही. हजारो घरांना पुरेल एवढी शक्ती चाकाखालच्या खड्ड्याच्या भिंतीवर आदळत होती आणि पायाखालची फरशी कापत होती. थोड्या वेळाने सगळे शांत झाले. गर्जना, कंप आणि फेस यांतून गेलेली ती ऊर्जा अखेर खड्ड्यातील पाण्यात आणि काँक्रीटमध्ये उष्णता होऊन मुरली होती. तापमापक लावला असता तर पाणी फक्त अंशभराने तापलेले दिसले असते.

हा अंशभर मी सहज म्हटलेला नाही, त्याचा हिशेब आहे. एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला ४१८६ ज्यूल लागतात, आणि ४७५ मीटरच्या उतरणीत मिळतात ४६५०. म्हणजे कोयनेच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंतची सगळी ऊर्जा पाण्यातच जिरली, तर ते केवळ १.१ अंशाने तापेल. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात हेच उलट बाजूने मोजले होते: खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापते ते पाहायचे. नायगाराचे पाणी १६० फूट पडल्यामुळे एक-पंचमांश अंश फॅरनहाइटने तापायला हवे, असे त्याने १८४५ मध्ये लिहिले होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अशा बारीक मोजमापांवर उभा राहिला.

आता आपल्या घरातला गिझर घ्या. पंधरा लिटरची एक बादली पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १९ लाख ज्यूल लागतात, म्हणजे अर्ध्या युनिटहून किंचित जास्त. अर्धे युनिट म्हणजे आपल्या मघाच्या हिशेबाने पाचशे लिटर पाणी. एक बादली आंघोळीपुरती तापवण्यासाठी तेहेतीसहून अधिक बादल्या सह्याद्रीवरून खाली सोडाव्या लागतात. हा हिशेब मी जितक्या जणांना सांगितला, त्यांतल्या बहुतेकांनी आधी मला चूक ठरवले आणि मग कागद-पेन्सिल मागितली.

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर याच तेहेतीस बादल्यांत आहे. गिझरमध्ये ऊर्जा नष्ट झालेली नाही. ३६ लाख ज्यूल आत गेले की ३६ लाख ज्यूलच उष्णता बाहेर येते. या दृष्टीने गिझर हे जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम उपकरण आहे. गेली ती ऊर्जेची कामाला येण्याची क्षमता. उंचावरच्या पाण्याचे सगळे कण एकाच दिशेने, एकत्र खाली येतात, म्हणून त्यांच्यापुढे चाक ठेवता येते. कोमट पाण्यातही तितकीच ऊर्जा आहे, पण तिथे कोट्यवधी कण हव्या त्या दिशांना थरथरत असतात. एक कण चाकाला पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ढकलतो, आणि चाक जागीच राहते. कवायतीत चालणारी हजार माणसे बंद दार पाडू शकतात. तीच हजार माणसे यात्रेच्या गर्दीत सैरावैरा फिरत असतील, तर दाराला धक्के बसतात पण ते हलत नाही. कवायतीतून गर्दी सहज होते. गर्दीतून कवायत आपोआप कधी होत नाही.

गर्दीतून थोडी कवायत परत मिळवता येते, पण त्यासाठी किंमत मोजावी लागते. औष्णिक वीज म्हणजे दुसरे काय? चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, ती वाफ टर्बाइन फिरवते. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवले होते की उष्णतेतून किती काम काढता येईल, हे केवळ गरम आणि गार टोकांच्या तापमानांवर ठरते. वाफ ५४० अंशांची आणि थंड टोक ४० अंशांचे धरले, तर निर्दोष यंत्रानेही शंभरातले एकसष्टच मिळतील. प्रत्यक्षात घर्षण, गळती आणि धुराड्यातून जाणारी उष्णता वजा होऊन पस्तीसएक हाती लागतात. उरलेले पासष्ट भाग कूलिंग टॉवरच्या पांढऱ्या ढगातून आणि धुराड्यातून हवेत जातात. त्या ढगाला लोक धूर समजतात. ती वाफ असते, आणि तिच्याबरोबर गेलेली उष्णता ही कोणाच्या निष्काळजीपणाची खूण नसून निसर्गनियमाने आकारलेला कर असतो. अशा रीतीने एका युनिटसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आणि इतके करून मोठ्या कष्टाने मिळवलेली ती शिस्तबद्ध वीज आपण गिझरमध्ये पुन्हा गर्दीत सोडून देतो. गच्चीवर सौर बंब बसवण्याचा आग्रह मी नातेवाइकांना का करतो, ते यावरून लक्षात येईल. कोमट पाणी हवे असेल तर त्याला कोमट दर्जाचीच ऊर्जा पुरते.

हाच हिशेब मागे नेला तर निसर्ग आपल्यापेक्षा किती उधळ्या आहे ते दिसते. कोयनेचे पाणी अरबी समुद्रातून वर आले, सूर्याने आणले. एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे २४ लाख ५० हजार ज्यूल लागतात. त्यातील आपल्या टर्बाइनपर्यंत उंचीच्या रूपाने पोहोचतात ४६५०, म्हणजे पाचशेत एक भाग. बाकीची ऊर्जा ढग होताना वरच्या हवेत उष्णता म्हणून सुटते. तिच्यातून वारे आणि वादळे घडतात आणि अखेर ती अवकाशात निघून जाते. पावसाच्या थेंबाचेही तसेच. दोन किलोमीटरवरून पडणाऱ्या थेंबाला हवेने अडवले नसते, तर तो सेकंदाला दोनशे मीटर वेगाने डोक्यावर आदळला असता. मोठा थेंबसुद्धा प्रत्यक्षात आठ-नऊ मीटरने पडतो. पडण्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा हवेशी घासून उष्णता होते. डोंगरमाथ्यावर पडलेल्या थेंबाकडे त्यानंतरही उंची शिल्लक असते, आणि धरण बांधून आपण तेवढीच वेचून घेतो.

रूपांतर आणि स्थानांतर यांत मुलांची नेहमी गल्लत होते, म्हणून तेही सांगतो. चुलीवरच्या पळीचा दांडा गरम झाला, तर ऊर्जेचे रूप बदललेले नाही. उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. उष्णता वहनाने, अभिसरणाने किंवा प्रारणाने जागा बदलते, ते पुस्तकात आहेच. फ्रिज आणि एसी ही मात्र स्थानांतराची विलक्षण उदाहरणे आहेत. एसी थंडी तयार करीत नाही, खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. आणि उचलण्याचे काम तयार करण्यापेक्षा स्वस्त असल्यामुळे एका युनिटमध्ये तो तीनहून अधिक युनिटएवढी उष्णता बाहेर नेऊ शकतो. इथे 'एकातून तीन कसे?' असे विचारले जाते. ती तीन युनिटे त्याने बनवलेली नाहीत, ती खोलीत होतीच. एक युनिट ही हमाली आहे. तीही अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते, म्हणून एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर चारहून अधिक युनिटांचा ताप जाणवतो.

तारेतून वीज नेणे हेही स्थानांतरच, आणि त्याची हमाली प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दसपट झाला तर तारेत शंभरपट उष्णता. म्हणून केंद्राच्या दारातच रोहित्राने विजेचा दाब (व्होल्टेज) वाढवून २२० किंवा ४०० किलोव्होल्टवर नेतात. तेवढीच शक्ती कमी प्रवाहात जाते. हेच तत्त्व माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एकदा मला भोवले. दोन हजार वॅटच्या गिझरचा प्लग सॉकेटमध्ये सैल बसत होता आणि मी, आयुष्यभर विद्युतगृहात काढलेला माणूस, "उद्या बघू" म्हणत आठवडे काढले. २३० व्होल्टला असा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो. सैल जोडात एक-दशांश ओहम रोध असला, तरी तिथे साडेसात वॅट उष्णता निर्माण होते. साडेसात वॅट म्हणजे एक लहान एलईडी दिवा, काही विशेष नाही. पण फुटाण्याएवढ्या पितळी पिनेवर ती दररोज साचत गेली, की भोवतीचे प्लॅस्टिक आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि एके सकाळी वास येतो. घरात प्लग हाताला गरम लागला, तर तिथे ऊर्जा नको त्या रूपात उतरते आहे आणि आपण तिचे पैसे भरतो आहोत, हे मुलीला दाखवता येईल. मात्र हात प्लगच्या बाहेरच्या कवचालाच, आणि तोही मोठ्यांनी लावायचा.

'वीजनिर्मिती' या शब्दाविषयीचा तिचा आक्षेप काटेकोरपणे पाहिला तर बरोबर आहे. आम्ही काहीही निर्माण करीत नव्हतो, रूप बदलून देत होतो. 'वीज-रूपांतर केंद्र' म्हटले असते तर भौतिकशास्त्र सुखावले असते. पण गिरणीत पीठ 'तयार' होते असे आपण म्हणतोच, गहू शेतकऱ्याचा असतो हे ठाऊक असूनही.

या गिरणीची एक अडचण मात्र विलक्षण आहे: तिला पीठ साठवता येत नाही. आपण बटण दाबतो त्याच क्षणी तेवढी वीज कोठेतरी तयार व्हावी लागते. संध्याकाळी लाखो घरांत दिवे लागतात तेव्हा ती वाढीव ऊर्जा सर्वांत आधी येते ती फिरणाऱ्या जनित्रांच्या गतीतून. देशभरची शेकडो टनांची चक्रे अगदी किंचित मंदावतात आणि विजेची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) वारंवारता शतांशांनी खाली येते. नियंत्रक यंत्रणेला ती घट जाणवते, नोझल उघडते, पाणी वाढते आणि वेग पूर्ववत होतो. कोयनेसारख्या केंद्राची खरी किंमत इथे कळते: कोळशाचे थंड पडलेले संयंत्र पूर्ण भारावर यायला तास लागतात, पाण्याचे यंत्र काही मिनिटांत येते. राज्यातील विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून फोन आला की पुढे काय करायचे, ते आमच्या हातांना पाठ असे.

साठवायचेच असेल तर वीज दुसऱ्या रूपात ठेवावी लागते. २००८ मध्ये सुरू झालेल्या घाटघर येथील २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात मागणी कमी असताना जाळ्यातील वीज घेऊन खालचे पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. अशा प्रकल्पांत चढवायला शंभर युनिटे लागली, तर परत पंचाहत्तर-ऐंशी मिळतात. हा प्रकल्प जेवढी देतो त्याहून जास्त वीज खातो, असे कोणी तक्रारीच्या सुरात म्हणाले की मी म्हणतो, बरोबर आहे, आणि तरीही तो उपयोगाचा आहे, कारण मध्यरात्रीचे युनिट आणि संध्याकाळी सातचे युनिट यांची किंमत सारखी नसते. मोटर जनरेटरला जोडून, त्याच जनरेटरची वीज मोटरला देऊन, वर घर उजळवणाऱ्या 'फुकट विजे'च्या चित्रफिती मला आठवड्याला एकतरी पाठवली जाते. घाटघरला असे जमले असते, तर वीस टक्के गमावण्याची हौस कोणाला होती?

आता आईच्या रागाकडे येऊ. ७५ वॅटचा साधा पंखा रिकाम्या खोलीत रात्रभर, म्हणजे आठ तास चालला, तर ०.६ युनिट होते. कोयनेच्या भाषेत सहाशे लिटर पाणी. पंख्याने हवा ढवळली, हवा भिंतींशी आणि स्वतःशी घासून थांबली, आणि सगळीच्या सगळी ऊर्जा खोलीत उष्णता होऊन राहिली. पंखा खोली थंड करीत नाही. तो अंगावरचा घाम लवकर उडवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. खोलीत माणूसच नसेल, तर तो खोली उलट थोडी तापवतो. बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो, तेव्हा रिकाम्या खोलीत पाऊण माणूस रात्रभर बसवून ठेवल्यासारखे ते झाले.

त्या सहाशे लिटरचे पुढे काय झाले, तेही महत्त्वाचे आहे. कोयनेचे पाणी स्वभावतः पूर्वेला कृष्णेकडे जाणारे. विजेसाठी ते डोंगर फोडून पश्चिमेला वळवले आहे, आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. एक टीएमसी पाणी ४७५ मीटर उतरले की सुमारे ३.२ कोटी युनिटे मिळतात. महिन्याला शंभर युनिटे वापरणाऱ्या तीन लाख घरांची महिन्याची गरज त्यातून भागते. पण कोळकेवाडीहून सुटलेले अवजल वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे दाभोळला समुद्रास मिळते, ते सातारा-सांगलीच्या शेतांकडे परत चढत नाही. चढवता येईल, पण चढवण्यासाठी त्याने दिली त्याहून जास्त वीज लागेल. 'वीज वाचवा' म्हणताना ऊर्जा वाचवायची नसते, ती आपोआप वाचलेलीच असते. वाचवायची असते ती माथ्यावरच्या पाण्याची उंची आणि न जळलेला कोळसा.

मुलीला हे सगळे वाचून दाखवण्याऐवजी तिच्याबरोबर एक प्रयोग करावा, असे सुचवतो. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. माझ्याकडे तो ३२०० आहे, म्हणजे एक लुकलुक ११२५ ज्यूलची. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त पंखा लावा आणि घड्याळ घेऊन बसा: ७५ वॅटच्या पंख्याला मिनिटात चार लुकलुकी दिसतील. नवा कमी वॅटचा बीएलडीसी पंखा असेल, तर दोन ठिपक्यांमध्ये चाळीसेक सेकंद वाट पाहावी लागेल. मग पंखा बंद करून गिझर लावा. बारा सेकंदांत एकवीस, मोजणे कठीण जाईल. प्रत्येक लुकलुकीला सह्याद्रीवरून सुमारे तीनशे मिलिलिटर पाणी उतरते, दीड पेला. वहीत एका रकान्यात ठिपके आणि दुसऱ्यात पेले मांडायला सांगा. गिझर तापून आपोआप बंद होईपर्यंत तिची पेल्यांची बेरीज अडीच हजारांच्या कुठे जवळपास येते का, ते मला नक्की कळवा, कारण गिझरच्या टाकीतून बाहेर झिरपणारी उष्णता मी माझ्या हिशेबात धरलेली नाही आणि तिचा आकडा तेवढा जास्त निघायला हवा.